चालतो, पण कुठपर्यंत?

संगणक अभियांत्रिकीच्या मुलांना 'बायनरी सर्च' चुकत नाही. क्रमाने लावलेल्या यादीतला मधला आकडा बघायचा, हवा तो त्याहून लहान असेल तर डाव्या अर्ध्यात शोधायचं, मोठा असेल तर उजव्या. दहा आकडे दिले की आउटपुट बरोबर येतं आणि जर्नलवर सही होते.

मधली जागा काढायला बहुतेक जण एकच ओळ लिहितात : पहिला आणि शेवटचा क्रमांक मिळवा, दोनने भागा. कागदावर यात चुकण्यासारखं काही नाही. पण जावा भाषेतल्या 'इंट' या पूर्णांक प्रकारात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. बेरीज त्यापुढे गेली की ऋण होते आणि प्रोग्राम यादीत नसलेली जागा शोधू लागतो. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ही चूक सुमारे नऊ वर्षं होती. तो भाग लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच २००६मध्ये ती जगापुढे मांडली. जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या पुस्तकातही हीच चूक असल्याचं त्यांनी दाखवून दिलं. बेंटली म्हणजे कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्लॉक यांना अल्गोरिदम शिकवणारे गुरू, आणि पुस्तकात त्यांनी प्रोग्राम बरोबर असल्याची सिद्धताही दिलेली!

गुरूंची सिद्धता खोटी नव्हती. तिच्यात एक गोष्ट न बोलता धरलेली होती : बेरीज मावेल. ही चूक दिसायला यादीत १०७ कोटींहून अधिक नोंदी लागतात, आणि पुस्तक लिहिलं गेलं त्या काळच्या संगणकांत एवढी यादी राहतच नव्हती. पुढे मेमरी वाढली आणि गृहीतक उघडं पडलं. दुरुस्ती मात्र एका ओळीची : दोन क्रमांकांतला फरक निम्मा करून पहिल्यात मिळवायचा.

हे न बोललेलं गृहीतक हुडकणं हाच मला या शिक्षणाचा गाभा वाटतो, आणि तोच आपल्या प्रॅक्टिकलमधून निसटतो. व्हायवात 'टाइम कॉम्प्लेक्सिटी किती?' विचारलं की 'लॉग एन' असं पाठ उत्तर येतं. आता तर मागताक्षणी चालणारा कोड हातात मिळतो. तो तपासणारी नजर तयार करणं शिक्षकांच्याच हातात आहे.

त्यांना एक विनंती. पुढच्या व्हायवात बेरीज करून दोनने भागणारी ती ओळ मुलांसमोर ठेवा आणि ती कधी चुकेल, एवढंच विचारा. विचाराला वेळ द्या, आणि उत्तर आलं नाही तरी गुण कापू नका.