चापाचं वजन

जयपूरच्या जगतपुरा नेमबाजी रेंजवर चापाचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, ग्रॅममध्ये बोलतात. दहा मीटर एअर पिस्तुलाचा चाप निदान ५०० ग्रॅमचा हवा, असा आंतरराष्ट्रीय नियम. एअर रायफलला तेवढंही बंधन नाही. नेमबाज अवनी लेखरा याच रेंजवर घडली. २०२१ साली टोकिओ पॅरालिम्पिकमध्ये २४९.६ गुणांचं सुवर्ण तिनं घेतलं, ते एअर रायफलच्या असल्या हलक्या चापावर. तिथे मन आणि चाप यांच्यामध्ये जितकं कमी, तितकं बरं.

उशाशी ठेवायच्या पिस्तुलाला मात्र काही जण चार-पाच किलोचा चाप मुद्दाम मागतात. डबल ॲक्शन ओन्ली. चाप ओढला की घोडा मागे जातो आणि त्याच ओढीत सुटतो. गोळी गेली की पुन्हा जागेवर निजतो. पहिली गोळी असो की सातवी, ओढ तीच, लांब आणि जड. १९२९ च्या वाल्थर पीपी पिस्तुलात पहिली ओढ जड, पुढच्या हलक्या. घाबरलेल्या बोटानं एवढं लक्षात ठेवायचं, आणि सगळं संपल्यावर उभा राहिलेला घोडा सांभाळून उतरवायचा.

सेफ्टीचा खटका आठवणीवर चालतो. वजनाला आठवण लागत नाही.

जड चापाची निवड नेमबाजाची नव्हे, स्वतःच्या हाताला ओळखणाऱ्याची. दचकलं की मूठ आवळते, मुठीबरोबर बोटही.

आपल्याकडे निवडीला फार वाव नाही. ९ मिमी नागरिकाला निषिद्ध, म्हणून परवान्यावर बहुधा .३२. जड ओढ हवी असेल तर घोडा न चढवता रिव्हॉल्वर चालवायचं, झालं. कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर २०१४ साली आलं, वजन जेमतेम ५०० ग्रॅम. इतक्या हलक्या हत्याराचा चाप हत्यारापेक्षा कितीतरी जड असतो; बोट चाप ओढतं आणि नळी बोटामागे जाते. (जाहिरातीत हे नसतं.)

न्यूयॉर्क पोलिसांनी नव्वदच्या दशकात पिस्तुलं घेतली ती जड चापाची, अपघाती गोळी टळावी म्हणून. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोघा पोलिसांनी सशस्त्र खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या. नऊ वाटसरू जखमी झाले. बोट त्या जड चापाकडेही दाखवलं गेलं. नकळत सुटणारी गोळी अडवताना जाणूनबुजून झाडलेली गोळी भरकटते. तरी घरापुरता मी जड चापाच्या बाजूचा. घरात अंतर चार पावलांचं असतं, आणि अंधारात समोर उभा असलेला कित्येकदा आपलाच कुणी असतो.

जड चाप अडवतो तो फक्त अनवधानाला. लग्नाच्या वरातीत आकाशाकडे नळी करणाऱ्याचं बोट पाच किलोही हसत ओढतं. त्याच्यासाठी शस्त्र कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.