जागा नाही, म्हणजे कुणाला नाही?



'जागा नाही' हे शब्द आपल्याला नवे नाहीत. गावात रानं होती, गायरान होतं, पाटलाच्या वाड्याला मोठा चौक होता. तरी महारवाडा वेशीबाहेर. आजानं गावात घर मागितलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं. तेव्हा जमीन कमी नव्हती. आपल्याला माणसांत मोजायची तयारी नव्हती.

आता तेच शब्द मुंबईत ऐकू येतात. इथं मात्र तुटवडा खरा आहे, हे कबूल केलं पाहिजे. तीन बाजूंना पाणी, आणि माणसं वाढतीच. पुढं जागा आणखी आखडणार. माझा प्रश्न एवढाच, की अंग चोरून बसायचं कुणी? १९७६ साली शहरी जमिनीच्या कमाल धारणेचा कायदा आला. मुंबईत रिकाम्या जमिनीला ५०० चौरस मीटरची मर्यादा पडली. सवलतींनी तो कायदा पोखरला, आणि २००७ साली महाराष्ट्रानं तो रद्दच केला. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी निघाली. म्हणजे पैसेवाल्याच्या जागेला माप नको. झोपडीवाल्याला मात्र माप: आधी २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००.

माणसाला जागा लागते तरी किती? नुसतं आडवं व्हायला साडेतीन हात पुरतात. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत आपल्या पिढ्या निघाल्या. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहिले. पण घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी दादरला राजगृह बांधलं, ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. मला घराचं माप इथं सापडतं. पोरगी दार लावून पुस्तक घेऊन बसू शकते, ते माणसाचं घर. नाहीतर ते गोदाम.

इथवर सरकारला आणि बिल्डरला शिव्या घालणं सोपं. आता आपल्याबद्दल.

आमच्या वस्तीचं पुनर्वसन व्हायचंय. बापाच्या नावाचा फोटोपास आहे, म्हणून मी पात्र. माझ्या माळ्यावर मराठवाड्यातून आलेलं मातंग कुटुंब भाड्यानं राहतं. ते अपात्र. फुकट घराला तारीख लागते: आधी १ जानेवारी १९९५ होती, मग १ जानेवारी २००० झाली. धारावीच्या योजनेतही हेच. खालचा पात्र माणूस धारावीत राहणार, माळ्यावरचा धारावीबाहेर भाड्याच्या घरात जाणार. आमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, माळ्यावरच्यांचं काय? मी पटकन बोलून गेलो, "ते नंतर आलेत. त्यांना घेतलं तर आपल्याला जागा उरायची नाही."

त्या रात्री जेवण गेलं नाही. तोंड माझं होतं, आवाज पाटलाचा होता. आणि दर महिन्याला भाडं घेताना ते नंतर आलेत हे मला कधी आठवलं नव्हतं.

काही कार्यकर्ते म्हणतात, आधी मिळतंय ते पदरात पाडून घ्या, बाकीच्यांचं मागून बघू. हे म्हणणं अगदीच खोटं नाही. म्हातारी आई सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी आहे, तिला तत्त्व सांगून भागत नाही. पण 'मागून बघू' म्हणून आपल्याला किती पिढ्या बसवून ठेवलं, हे आपणच विसरायचं? जन्मावरून माणसाची जागा ठरवू नका, असं आपण म्हणतो. मग तारखेवरून कशी ठरवायची? कुणाचा बाप दुष्काळात लवकर गाव सोडून आला, कुणाचा उशिरा, यात माणसाचं कर्तृत्व काय? घराचा हक्क तो माणूस आहे म्हणून आहे. भरपूर असताना सगळेच समतावादी असतात. कमी पडलं की कुणाला बाहेर काढतो, त्यावरून समता कळते.

संमतीपत्रावर मी अजून सही केलेली नाही. माळ्यावरच्यांनाही याच वस्तीत परवडणारं घर, ही अट आधी लिहून घ्या, असं येत्या मीटिंगमध्ये मी म्हणणार आहे. माझी चावी लांबेल. घरात भांडण होईल, ते सुरूही झालंय. तुमच्या वस्तीत यादी लागेल तेव्हा आपलं नाव सापडलं म्हणून लगेच घरी जाऊ नका. अपात्रांची नावंही वाचा. त्यातली बरीच ओळखीची निघतील.