दया आणि नेम

भाद्रपद सरून दोन महिने लोटले म्हणजे पुण्याच्या पेठांतून एक दृश्य हटकून दिसूं लागतें. एखाद्या वाड्याच्या देवडींत, जिन्याखालीं किंवा बंद दुकानाच्या आडोशाला कुत्री व्यालेली असते. मार्गशीर्षाची थंडी पडूं लागलेली असते, आणि आईला दूध नसल्यामुळें पिलें केंकटत असतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकीं कोणाचें तरी मन द्रवतें आणि बशीभर गाईचें दूध पिलांपुढें ठेवून तो आपल्या वाटेनें जातो. ही दया खरी, यांत संशय नाहीं. ती पुरेशी आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

नुकतेंच जन्मलेलें पिलूं बशींतून दूध पिऊं शकत नाहीं. त्याचे डोळे उघडावयास दहा ते चौदा दिवस लागतात; पहिले दोन-तीन आठवडे अंगाची ऊब त्याला स्वतः राखतां येत नाहीं; आईनें चाटल्याशिवाय मलमूत्रविसर्जनही होत नाहीं. म्हणून जाणते लोक प्रथम त्याला ऊब देतात, कारण गारठलेल्या पिलाला दूध पचत नाहीं. मग त्याला उताणें न धरतां पालथें ठेवून बाटलीनें थोडथोडें पाजतात. तसें न केल्यास दूध फुप्फुसांत जाऊन तें दगावण्याचा संभव असतो. शेवटीं कोमट ओल्या कापसानें पुसून आईच्या जिभेचें काम करावें लागतें. गाईच्या दुधांत कुत्रीच्या दुधापेक्षां स्निग्धांश व प्रथिनें पुष्कळ कमी, म्हणून पशुवैद्य पिलांसाठीं मुद्दाम तयार केलेली भुकटी सांगतात. आणि हें सर्व पहिल्या दिवसांत दर दोन-तीन तासांनीं, रात्रींदेखील!

येथेंच दयेची परीक्षा होते. कळवळा एका क्षणांत येतो व जातो. भूक मात्र तीन तासांनीं पुन्हा दारांत उभी राहते. ज्यानें पिलूं उचलून घरीं आणलें, त्यानें त्याची आई त्याच्यापासून दूर केली. तेव्हां आईचें जागरणही त्याच्याच वांट्याला आलें. दोन दिवस पाजून तिसऱ्या दिवशीं कंटाळणें ही अर्धी दया नव्हे. तो वचनभंग होय.

शिवाय, आईला दूध नाहीं याचें कारण कित्येकदां तिच्याच पोटांत अन्न नसतें, किंवा आचळें सुजून ती आजारी असते. तिला अन्न, पाणी व औषध मिळालें, तर पुष्कळ वेळां पिलें उचलण्याचें कारणच उरत नाहीं. परंतु पिलूं गोजिरवाणें म्हणून हात तिकडे जातो; हाडें वर आलेली, गुरगुरणारी आई कोणास गोजिरवाणी वाटत नाहीं. गरज न पाहतां रूप पाहून वाहणारी दया ही करुणा नसून आवड होय.

आपल्या पूर्वजांनीं हा भेद ओळखला होता. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञांत कुत्र्या-कावळ्यांचा वांटा काढावयाचा, तो मन द्रवलें म्हणून नव्हे, रोज. दया लहरीवर न सोडतां तिला नित्यकर्मांत बसविण्यांत मोठें शहाणपण होतें.

कोणी म्हणेल, रस्त्यांवर कुत्रीं थोडीं का आहेत? मुलांना चावतात, रेबीजनें माणसें मरतात. त्यांत आणखी भर कशाला? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. परंतु त्याचें उत्तर आंधळ्या पिलाला उपाशी मारणें हें नव्हे. २०२३ च्या केंद्रीय नियमांनीं भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण यांची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकिली आहे. पण कुत्रें धरूं कोणाला देतें? ज्याच्या हातचें तें खातें त्याला! म्हणून जगविणाऱ्यानेंच पुढें त्याला लस टोंचवावी, नसबंदी करवावी आणि शेजाऱ्याच्या भयाचाही विचार करावा. मुक्या प्राण्यावरील दयेचें ओझें शेजारच्या मुलानें वाहावें, हा न्याय नव्हे.

सर्वांनींच रात्री जागवाव्या असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याला तें झेपत नसेल, त्यानें पिलूं न उचलतां त्याच्या आईला रोज एक भाकरी व वाडगाभर पाणी द्यावें. मात्र तें रोज द्यावें.