शेतीआधी काय करत होता?

लघवीतून रक्त गेलं, पण दुखलं काहीच नाही. मालवणातला सत्तरीचा माणूस म्हणतो, उष्णता झाली, आणि धण्याजिऱ्याचं पाणी पितो. दोन दिवसांत रक्त थांबतं, विषय मिटतो. मूत्राशयाचा कर्करोग बहुधा पहिली चाहूल देतो ती अशीच. पुढे कधीतरी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात निदान होतं. केसपेपरवर व्यवसाय लिहिला जातो शेती, आणि दोष जातो विडीला.

विडी निर्दोष नाही. या रोगाचं सर्वांत मोठं कारण तंबाखूच. पण ती सापडली की पुढचं विचारणं थांबतं.

सिंधुदुर्गातल्या कित्येकांची उमेदीची वर्षं मुंबईत गेली. १९८२च्या गिरणी संपानंतर अनेक चाकरमानी कायमचे गावी आले. त्यातले बरेचसे साच्यावरचे, म्हणजे मागावरचे. काही मात्र कापड रंगवणाऱ्या खात्यातले, काही रंगाच्या कारखान्यातले. सुती कापडाच्या रंगांत तेव्हा बेन्झिडिन या कर्करोगकारक रसायनापासून केलेले रंग असत. रंगाची पूड श्वासातून, हाताबोटांवरून पोटात जाते. आतड्यातले जीवाणू रंगाचा रेणू तोडतात, बेन्झिडिन मोकळं होतं. यकृत त्याचं रूप पालटतं, मूत्रपिंडं ते गाळून बाहेर टाकतात. शरीर आपलं काम चोख करतं आणि तिथेच घात होतो. टाकाऊ ठरलेलं विष मूत्राशयात तासन्‌तास अस्तराला लागून राहतं.

रंगकामगारांतला हा रोग जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५मध्येच दाखवून दिला होता. आपल्याकडे बेन्झिडिनच्या रंगांवर बंदी आली ती १९९०च्या दशकात. आणि काम ते रोग हे अंतर बहुधा वीस-तीस वर्षांचं, कधी त्याहून जास्त. तोवर गिरणीच्या जागी टॉवर उभा राहतो, मुकादम वारलेला असतो आणि रंगखात्यातला माणूस कागदोपत्री शेतकरी झालेला असतो. ज्या जिल्ह्यात रंगाचे कारखाने नाहीत, तिथे डॉक्टरांना तरी कारखाना कसा आठवावा?

पण कायद्याला आठवतो. कामगारांच्या भरपाईच्या कायद्यात, व्यवसायजन्य रोगांच्या यादीत, मूत्राशयाच्या अस्तराचा कर्करोग आहे. दावा सोपा नाही; कामाचा पुरावा नसेल तर तो उभाच राहत नाही.

म्हणून लघवीत एकदा जरी रक्त दिसलं तरी दवाखाना गाठा. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपणहून सांगा: कोणती गिरणी, कोणतं खातं, किती वर्षं. ट्रंकेत गिरणीचा जुना पास किंवा ईएसआयचं कार्ड असेल, तर तेही सोबत न्या.