परक्या गावात देवाचे वचन शिकताना



३० सप्टेंबरला आपण संत जेरोम ह्यांचा सण साजरा करतो. पवित्र शास्त्रासाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले. याच दिवसांत आपल्याकडचे काही धर्मगुरू आणि धर्मभगिनी, क्वचित एखादा प्रापंचिकही, पवित्र शास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी रोमला जातात, कारण तिथले वर्ग ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. निरोप देताना आपण हार घालतो, फोटो काढतो आणि म्हणतो, ''नशीबवान आहे हो, पोपच्या गावाला चालला!'' पण तिथे पोहोचल्यावर त्याचे कसे चालते, हे आपण फारसे विचारत नाही. आज ते थोडे समजून घेऊ या.

रोममध्ये त्रेवी कारंज्यापासून चार पावलांवर पिलोत्ता चौक आहे. तिथे 'बिब्लिकुम' ही पवित्र शास्त्राची संस्था आहे. पोप संत दहावे पायस ह्यांनी १९०९ साली ती स्थापन केली आणि येशूसंघीयांच्या हाती सोपवली. २०२४ पासून ती ग्रेगोरियन विद्यापीठाचा भाग झाली आहे. आफ्रिका, आशिया, युरोप, अमेरिका अशा सगळ्या खंडांतले विद्यार्थी तिथे एका बाकावर बसतात. पदवीचा अभ्यास तीन वर्षांचा असतो. ज्याला ग्रीक आणि हिब्रू येत नाही, त्याला आधी तयारीचे वेगळे वर्ष काढावे लागते.

पहिले काही महिने फार जड जातात. आठ दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज भरायचा, तोही इटालियन भाषेत. ताटात भाताऐवजी रोज पास्ता. आईने बांधून दिलेली मसाल्याची बाटली जपून वापरली तरी डिसेंबरपर्यंत तळाला जाते. त्या महिन्यात संध्याकाळी पाच वाजायच्या आत अंधार पडतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि आपल्या-त्यांच्या वेळेतले साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे होते. तो रात्रीचे जेवण उरकून फोन हाती घेतो, तेव्हा इथे आई कधीच झोपलेली असते. मिस्सा तीच, प्रभू तोच. पण प्रार्थना मात्र ओठांवर अडखळतात.

सगळ्यांत मोठा त्रास मनाला होतो. इथे जो वेदीवरून प्रवचन देत होता, ज्याला लोक 'फादर' म्हणून मान देत होते, तो तिथे चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेफ, बेथ, गिमेल अशी हिब्रू मुळाक्षरे उजवीकडून डावीकडे गिरवत बसतो. दुकानात पाव मागतानाही वाक्य चुकते आणि मागे उभे असलेले लोक हसतात. मनात असते पुष्कळ, पण ते सांगायला शब्द नसतात. तो पुन्हा लहान मूल होतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला पहिल्याच तासाला सांगितले होते की ज्ञानाची सुरुवात विस्मयाने होते. त्या विस्मयाच्या आधी आणखी एक पायरी आहे, 'मला येत नाही' हे कबूल करण्याची. परका देश ती पायरी चढायला लावतो.

संत जेरोम ह्यांनाही ती चुकली नाही. दाल्मातियाचा हा मुलगा शिकायला रोमला आला आणि लॅटिनचा पंडित झाला. पुढे सिरियाच्या वाळवंटात राहताना ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी माणसाकडे तो हिब्रू शिकू लागला. ते उच्चार त्याला इतके कठीण गेले की कितीदा तरी निराश होऊन त्याने अभ्यास सोडला आणि कितीदा तरी पुन्हा हाती घेतला. हे त्यांनी स्वतःच एका पत्रात लिहून ठेवले आहे. ३८६ साली ते बेथलेहेमला स्थायिक झाले आणि तिथेच जुन्या कराराचा हिब्रूवरून लॅटिन अनुवाद पूर्णत्वास गेला. शतकानुशतके ख्रिस्तसभेने जे बायबल वाचले, त्यामागे एका परदेशी विद्यार्थ्याची ही जिद्द आहे.

आणखी एक परकेपण असते आणि त्याबद्दल घरी कुणी बोलत नाही. लहानपणापासून ऐकलेले बायबल तिथे नव्याने भेटते. उत्पत्तीच्या पुस्तकात निर्मितीची दोन वेगवेगळी कथने आहेत. काही पुस्तके अनेक हातांतून, दीर्घकाळात आकाराला आली आहेत. हे वर्गात कळते तेव्हा काहींच्या पायांखालची जमीन हलते. 'आजीने शिकवले ते खोटे होते का?' असा प्रश्न रात्री छळतो. आजीने शिकवले ते खोटे नव्हते. परमेश्वर माणसांच्या मार्फत, माणसांच्या भाषेत, त्या त्या काळाच्या लेखनपद्धतीतून बोलला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'देई वेर्बुम' या दस्तऐवजात हेच शिकवले आहे. पण डोक्याला पटलेले मनात उतरायला वेळ लागतो. त्या काळात अभ्यासाइतकीच प्रार्थना लागते आणि मोकळेपणाने बोलायला एखादा वडीलधारा लागतो.

बंधू-भगिनींनो, पवित्र शास्त्र मुळात घर सुटलेल्या माणसांनी भरलेले आहे. अब्राहाम आपला देश सोडून निघाला. तार्ससचा पौल यरुशलेमला येऊन गमलिएलच्या पायांशी शिकला. दानिएल आणि त्याचे मित्र तर बाबेलमध्ये तीन वर्षांच्या शिक्षणासाठी निवडलेले विद्यार्थीच होते. त्यांना नवी भाषा शिकावी लागली, नवी नावे मिळाली. दानिएलने ती भाषा मन लावून आत्मसात केली, राजाची चाकरीही प्रामाणिकपणे केली. मात्र राजाच्या पंगतीतले अन्न त्याने घेतले नाही. पुढे म्हातारपणीही यरुशलेमच्या दिशेची खिडकी उघडी ठेवून तो दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता. परदेशात जाणाऱ्याने हेच करावे. दार नव्या देशासाठी उघडावे आणि खिडकी परमेश्वराकडे उघडी ठेवावी. आपल्याच माणसांच्या घोळक्यात दार लावून बसणारा काही शिकत नाही, आणि खिडकी बंद करणारा स्वतःलाच हरवून बसतो.

बाबेलमधल्या हद्दपार लोकांना यिर्मयाने पत्र पाठवले होते: घरे बांधा, मळे लावा आणि ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. 'परत कधी जाणार' म्हणून दिवस मोजत बसू नका, असाच त्याचा अर्थ. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी हे करून दाखवले. हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले ते कायमचे. त्यांनी आपली मराठी इतकी आपलीशी केली की १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. आपल्या ओव्यांत प्रभूची कथा आली, ती एका परक्या माणसाने आपल्या भाषेचा विद्यार्थी होणे पत्करले म्हणून.

मग आपण काय करावे? परदेशी शिकणाऱ्या आपल्या माणसाला फोन कराल तेव्हा व्हॅटिकनचे फोटो जरूर मागा. पण आधी विचारा, ''झोप लागते का? कुणाशी बोलतोस का?'' निकाल कधी, पदवी कधी, असा तगादा लावू नका. कुटुंबाच्या संध्याकाळच्या जपमाळेत एक दशक त्याच्यासाठी म्हणा आणि ते त्याला कळवा. एकट्या खोलीत बसलेल्या माणसाला त्याचा मोठा आधार वाटतो.

आणि रविवारी मिस्सेला येताना शेवटच्या बाकाकडेही बघा. कामधंद्यासाठी दूरच्या राज्यांतून आलेली कुटुंबे तिथे बसतात. आपली गीते त्यांना येत नाहीत, ती ओठ हलवत राहतात. रोममध्ये आपल्या मुलाकडे कुणीतरी हसून बघावे, त्याचे चुकलेले वाक्य सांभाळून घ्यावे, असे आपल्याला वाटते ना? मग आज मिस्सेनंतर त्या बाकापाशी जाऊन त्यांचे नाव विचारू या.

प्रभू येशू, बालपणी तूही इजिप्तमध्ये परका होतास. घरापासून दूर राहून तुझे वचन शिकणाऱ्या सर्वांना धीर दे, आणि दूरवरून आमच्याकडे आलेल्यांसाठी आमची अंतःकरणे मोठी कर. आमेन.

आपला,
धर्मगुरू