बारा अक्षरांचा माणूस

आमच्या घराण्यात थोडक्यात बोलण्याची परंपरा नाही. माझ्या वडिलांना कुणी 'किती वाजले?' असं विचारलं, तर ते आधी घड्याळ कुणी दिलं ते सांगत, मग ते दिवसाला किती मागे पडतं ते सांगत, आणि वेळेवर येईपर्यंत वेळ बदललेली असे. अशा कुळात, माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोटी, एक अक्षर वाचवण्यासाठी अख्खा रविवार खर्च करणारा मुलगा जन्मावा, याला दैवगती म्हणायचं, दुसरं काय!

हा भाचा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. विरारला आमच्याकडे आला की जेवण झाल्यावर वामकुक्षी सोडून कागदावर चौकटी आखत बसतो. एकदा मी विचारलं, "काय चाललंय रे?"

"अधिकचं चिन्ह काढतोय, मामा."

तिशी उलटलेला इंजिनिअर रविवारी दुपारी अधिकचं चिन्ह काढतोय म्हटल्यावर आमची ही ताक घुसळायचं थांबवून बाहेर आली. त्याच्या कपाळाला हात लावून बघावा की काय, असा तिचा विचार दिसला.

त्याचं असं आहे, की कॉम्प्युटरला चित्र दोन तऱ्हांनी देता येतं. एक म्हणजे ठिपक्याठिपक्याने, रांगोळी भरावी तसं. दुसरी तऱ्हा म्हणजे चित्र द्यायचंच नाही, ते कसं काढायचं याच्या सूचना द्यायच्या: इथे पेन टेकव, तिथवर ओढ, उचल. अशा सूचनांची एक भाषा आहे, एसव्हीजी नावाची. ती २००१ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. तिच्यात 'एम' म्हणजे पेन अमुक घरात ठेव, 'एच' म्हणजे आडवं जा, 'व्ही' म्हणजे उभं जा, 'एल' म्हणजे थेट अमुक ठिकाणी जा. आमच्या जोशी मास्तरांची कवायत जवळपास याच भाषेत चाले, फक्त मास्तर अक्षरं वाचवत नसत.

तर अधिकचं चिन्ह असं: एम ४ ०, व्ही ८, एम ० ४, एच ८. म्हणजे वरच्या काठावर चौथ्या घरात पेन टेकव, आठ घरं खाली ये. मग डाव्या काठावर चार घरं खाली टेकव, आठ घरं आडवं जा. स्वल्पविराम मी तुमच्यासाठी घातलेत, यंत्राला ते लागत नाहीत. दोन आकड्यांमधली मोकळी जागा धरून बरोबर बारा खुणा. (रेघेचा रंग आणि जाडी यांचा खर्च वेगळा.) आधी त्याने चौकट दहा घरांची घेतली होती, तेव्हा चौदा झाल्या होत्या. 'दहा' लिहायला दोन आकडे लागतात, 'आठ'ला एक. म्हणून चौकटच लहान केली. पगारात भागेना तेव्हा आम्हीही खोली लहान घेतली होती, पण त्याचा खेळ होतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यात या खेळाला 'कोड गोल्फ' म्हणतात. गोल्फमध्ये जो कमीत कमी टोल्यांत चेंडू घालवतो तो जिंकतो. विरारात गोल्फ खेळायला हिरवळ कुठली असायला, तेव्हा हे त्यातल्या त्यात बरं.

पण खरी गंमत पुढे आहे. भाच्याने उत्तरार्धातला ४ खोडून तिथे २ केला. आडवी रेघ दोन घरं वर सरकली, आणि अधिकच्या चिन्हाचा क्रूस झाला. वसईत राहणाऱ्याला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे गावोगावी, वळणावळणावर क्रूस उभे आहेत. एका आकड्यात गणित संपतं आणि धर्म सुरू होतो. बरं, दोन्ही रेघा जाड करून लाल रंगवल्या तर दवाखाना सुरू होतो.

या लाल फुलीची कथा ऐकण्यासारखी आहे. १८६४ साली जिनिव्हात राष्ट्रं जमली आणि त्यांनी ठरवलं, की युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांनी पांढऱ्यावर लाल फुली लावायची. तिच्यावर कुणी गोळी झाडायची नाही. पुढे तिचा खुलासा असा झाला, की हा स्वित्झर्लंडचा झेंडाच आहे, फक्त रंग उलटे केलेले. त्यांच्या मते खूण साधी होती, काढायला सोपी होती, तिच्यात धर्मबिर्म काही नव्हता. पण १८७६च्या युद्धात तुर्कांनी कळवलं, की आमच्या सैनिकांना यात क्रूस दिसतो, आम्ही लाल चंद्रकोर लावणार. आता बोला! काढणाऱ्याने झेंडा काढला होता, बघणाऱ्याला क्रूस दिसला. शेवटी २००५ साली, जिच्यात कुणालाच काही दिसू नये अशी तिसरी खूण मान्य केली: लाल चौकट, कोपऱ्यावर उभी. काहीच न सुचवणारी खूण शोधायला एकशे एक्केचाळीस वर्षं लागली. (जाता जाता: आपल्याकडच्या १९६०च्या कायद्याने ही लाल फुली परवानगीशिवाय डॉक्टरांनाही लावता येत नाही. हे वाचून आमच्या ओळखीच्या किती डॉक्टरांच्या गाड्यांना रंगारी लागेल, ते मी मोजत नाही.)

तेव्हापासून मला एक प्रश्न छळतो. खूण लहान केली की जे गाळलं ते जातं कुठे?

भाच्याचंच उदाहरण घ्या. भरीव त्रिकोण काढायला तो दोनच बाजू सांगतो. तिसरी लिहीत नाही. म्हटलं, "अरे, उघडा राहील ना!" म्हणाला, "मामा, रंग भरताना यंत्र ती बाजू आपली आपण धरून घेतं. रंगसुद्धा सांगितला नाही तर काळा धरतं." म्हणजे ती बाजू नाहीशी झालेली नाही, ती यंत्राच्या अंगावर टाकली आहे. याच्या बारा अक्षरांमागे यंत्रात आधीच लिहून ठेवलेली पानंच्या पानं उभी आहेत, आणि श्रेय मात्र बारा अक्षरांना! कोल्मोगोरोव्ह नावाच्या रशियन गणितज्ञाने १९६५ साली हेच शिस्तीत मांडलं: एखादी गोष्ट किती गुंतागुंतीची, तर ती घडवणारी सर्वांत आखूड सूचना जितक्या लांबीची तितकी. ही लांबी अर्थातच सूचना कोणत्या भाषेत देता त्यावर थोडीफार हलते. आणि अमुक एक सूचना सर्वांत आखूड आहे हे दर वेळी ठरवून देईल अशी सरसकट रीत निघूच शकत नाही, हेही सिद्ध झालं आहे. म्हणजे भाच्याचे रविवार कधी संपणार नाहीत, ही गोष्ट गणिताने पक्की झाली.

तारेचं तरी काय होतं? तारेत शब्दाला पैसे पडत, म्हणून तारखात्याने ठरावीक शुभेच्छांना क्रमांक दिले होते. आपण आकडा पाठवायचा, पलीकडे अख्खं वाक्य उमटायचं. दोन्ही टोकांना यादी असल्यामुळे ते साधे. २०१३च्या जुलैत तार बंद झाली; आता त्या यादीतला आकडा कुणाला पाठवलात तर तो तुम्हाला लॉटरीचं वेड लागलं असं समजेल.

किंवा विरार फास्ट. इंडिकेटरवर दोन-तीन अक्षरं आणि वेळ, एवढंच. परगावचा पाहुणा वाचतो आणि बोरिवलीला उतरायचं म्हणून खुशाल चढतो. बोरिवलीला गाडी थांबते, हे खरंच आहे. पण दारात उभे असलेले आमचे लोक त्याला उतरू देणार नाहीत, उलट बोरिवलीवाल्याने या गाडीत चढावंच का यावर चर्चासत्र घेतील, हे त्या दोन-तीन अक्षरांत कुठे आहे? ते वाचणाऱ्याने जन्मतः जाणायचं असतं.

आणि सर्वांत आखूड खूण म्हणाल तर ती पोस्टकार्डाची. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं. एक अक्षरही न लिहिता! माझ्या लहानपणी वसईच्या बिऱ्हाडी असं एक कार्ड आलं, पोस्टाने नव्हे, गावाहून येणाऱ्या एका नातेवाइकाच्या हाती. तेवढेच पैसे वाचले. आजीने कोपरा पाहिला आणि मजकुराकडे न बघता भिंतीला टेकून बसली. तिचा भाऊ तेव्हा आजारी होता. तिने बांगड्या मागे सारल्या, भावाचं नाव घेतलं, आणि त्याच्या लहानपणापासून बोलायला लागली. पेरूच्या झाडावरून पडला होता तिथपासून. वडिलांनी कार्ड वाचलं, तर त्यात आंब्याच्या पेटीची चौकशी. कोपरा त्या नातेवाइकाच्या धाकट्याने वाटेत चघळला होता. आजीला सांगितलं. तिने डोळे पुसले, हसली, पोराच्या हातावर खोबरं ठेवलं. पण त्यानंतर ती कुठलंही पत्र आधी बोटांनी चारी कोपरे चाचपून मगच हातात धरायची. त्या दिवशीचं तिचं रडणं कुणाच्या खर्ची घालायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे सगळं डोक्यात घोळत असताना आमच्या सोसायटीने कुंपणाच्या भिंतीवर वारली चित्रं काढून घ्यायचं ठरवलं. ते ठीकच होतं. वसई-विरार काय, डहाणू काय, १ ऑगस्ट २०१४ पासून आपण सगळे एका पालघर जिल्ह्यातले. पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा मशे इथलेच, डहाणूजवळच्या गंजाडचे. भिंतीवर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, हातात बांबूची काडी. मुळात हे काम सुवासिनींचं, लग्नापुरतं. रोज उठून चित्रं काढणारे पुरुष मशांबरोबर, म्हणजे १९७०च्या दशकात पुढे आले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र पाहिलंत तर भाच्याचा खेळ तुम्हाला जरा ओशाळवाणा वाटेल. यंत्र म्हणेल, एक फासा काढा आणि 'पुन्हा' म्हणा. मशांनी 'पुन्हा' म्हटलं नाही. फासा न्‌ फासा काढला.

डहाणूकडून एक बाई आल्या, बरोबर त्यांचा मुलगा. सेक्रेटरींनी दर ऐकला आणि घासाघीस सुरू केली. "बाई, यात आहे काय? एक गोल, दोन त्रिकोण, चार काड्या. आमचा नातूसुद्धा काढील."

"मग त्यालाच बोलवा ना," बाई शांतपणे म्हणाल्या.

इथे भाच्याला स्फुरण चढलं. त्याने तिथेच फोनवर काढून दाखवलं: एम ० ०, एच ८, एल ० ८, एच ८. वरच्या काठाने उजवीकडे जा, तिरपं खाली डाव्या कोपऱ्यात ये, पुन्हा उजवीकडे जा, आणि थांब. शेवटची तिरपी रेघ यंत्र धरून घेतं. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण: वारली माणसाचं धड! पुन्हा बाराच खुणा. अधिकचं चिन्ह आणि माणसाचं धड यांची किंमत एकच निघावी, याचं भाच्याला कोण कौतुक! अकरात कुणी बसवून दाखवलं तर चहा माझ्याकडून.

"बघा!" सेक्रेटरी म्हणाले. "यंत्र बारा अक्षरांत काढतं. तुम्ही माणशी एवढे मागता!" भाच्याचा चेहरा पडला. त्याच्या खेळाचा असा बाजारभाव निघेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाईंनी फोन हातात घेतला, लांब धरून नीट पाहिला. म्हणाल्या, "काळा का?" भाचा म्हणाला, "पांढरा करायला आणखी अकरा अक्षरं लागतात." बाईंनी मान हलवली. मग विचारलं, "हा करतोय काय?"

भाचा गप्प. खरंच, तो काहीच करत नव्हता. नुसता उभा होता. बाईंनी काडी घेतली आणि भिंतीवर वरचा त्रिकोण जरासा कलता काढला; तो माणूस भात लावायला लागला. दुसऱ्याचा उलट कलला. त्याने डोक्यावर भारा घेतला. तिसऱ्याचा अगदी किंचित, आणि तो नाचात होता. भाचा बोटांवर काहीतरी मोजत होता. प्रत्येक कलाला नवे आकडे, आणि ते घरात चपखल बसणारे नव्हेत, टिंब लागणारे.

सेक्रेटरींनी शेवटचा प्रयत्न केला. "बरं, मग मध्यभागी तो देवीचा चौक तरी वरकड म्हणून टाका."

"पालघटाचा? तो लग्नाला काढतात," बाई म्हणाल्या. "लग्न कुणाचं आहे?"

सेक्रेटरी अडुसष्ट वर्षांचे आहेत. ते घाईने आत गेले. चौक निघाला नाही, पण दर माणशी ठरला. चार दिवसांनी भिंत पुरी झाली. सेक्रेटरी वही घेऊन माणसं मोजत निघाले, कुत्री आणि कोंबड्या वगळून. एकेचाळीसपर्यंत ठीक चाललं. बेचाळिसावी बाई पाणी घेऊन चालली होती आणि तिच्या पाठीला मूल बांधलेलं होतं. हे एक माणूस की दोन? सेक्रेटरी म्हणाले एक, खजिनदार म्हणाले दीड. बाईंना विचारलं तर त्या काडी धूत म्हणाल्या, "ती थकलीय ना? मग दोन."

खजिनदारांनी भिंतीजवळ जाऊन, चष्मा वर करून, ती थकलेली दिसते का ते पाहिलं. नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. बाईंना बेचाळिसांचे पैसे त्याच संध्याकाळी मिळाले. उरलेल्याबद्दल मिनिट बुकात नोंद आहे: 'पाठीवरील मूल — विचाराधीन.'