दुबळ्या पत्त्याचे मोल

पत्त्यावरचे चित्र वा आकडा एक सांगतो आणि डावातली त्याची किंमत दुसरीच असते, हे ज्यांच्या घरी तीनशे चारचा डाव रंगतो त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. त्या डावात गुलामाला 30 आणि नव्वीला 20 गुण असतात, तर राजाला 3 आणि राणीला 2 गुणांवर समाधान मानावे लागते. मात्र तेथे ही उलथापालथ नियमाने एकदाच ठरवून दिलेली असते. ज्या खेळांत प्रत्येक खेळाडू हजारो उपलब्ध पत्त्यांतून निवड करून स्वतःचा जोड, म्हणजे डेक, बांधतो आणि ज्यांत वर्षानुवर्षे नवे पत्ते येत राहतात, तेथे पत्त्याचे मोल कोणत्याही नियमपुस्तिकेत सापडत नाही. ते खेळाडूलाच ठरवावे लागते आणि बहुतेक नवखे खेळाडू ते चुकीचे ठरवतात.

काझुकी ताकाहाशी यांच्या 1996 साली सुरू झालेल्या मांगा चित्रकथेतून निघालेला आणि 1999 पासून कोनामी या कंपनीने जपानमध्ये विक्रीस आणलेला ‘यू-गि-ओ!’ हा या प्रकारातील अत्यंत लोकप्रिय खेळ होय. यात दोन्ही खेळाडूंना प्रत्येकी 8000 लाइफ पॉइंट असतात, डेक किमान 40 पत्त्यांचा असतो आणि आरंभी हातात पाच पत्ते येतात. लढणाऱ्या पत्त्यांना मॉन्स्टर म्हणतात व त्यांच्यावर अटॅक आणि डिफेन्स असे दोन आकडे छापलेले असतात. एका पाळीत हातातला एकच मॉन्स्टर सामान्य रीतीने मैदानात उतरवता येतो आणि तो चौथ्या पातळीच्या वरचा असेल तर आधी उतरवलेल्या मॉन्स्टरचा बळी द्यावा लागतो, ज्याला खेळाडू ट्रिब्यूट म्हणतात. बाद झालेले पत्ते ग्रेव्हयार्ड नावाच्या ढिगात जातात.

2002 साली ‘मेटल रेडर्स’ या संचातून इंग्रजीभाषक खेळाडूंच्या हाती आलेला ‘सांगन’ हा तीन डोळ्यांचा, तिसऱ्या पातळीचा मॉन्स्टर या चौकटीत ठेवून पाहिला, तर त्याची अवस्था केविलवाणी दिसते. त्याचा अटॅक 1000 आणि डिफेन्स 600 आहे, तर त्याच्याइतक्याच सहजपणे, कोणाचाही बळी न देता उतरणाऱ्या ‘जेमिनी एल्फ’चा अटॅक 1900 आहे; समोरासमोरच्या लढतीत सांगन तर नष्ट होतोच, शिवाय मालकाचे 900 लाइफ पॉइंटही घेऊन जातो. परंतु त्याच्यावर एक वाक्य छापलेले आहे, ज्याचा मूळ आशय असा की सांगन मैदानातून ग्रेव्हयार्डमध्ये गेला की मालकाने आपल्या डेकमधून 1500 किंवा त्याहून कमी अटॅकचा कोणताही एक मॉन्स्टर शोधून हातात घ्यावा. येथे मरण हीच कार्याची सुरुवात आहे आणि म्हणून लढाईतील दुबळेपणा हा या पत्त्याचा दोष म्हणून मोजणेच मुळात गैर ठरते.

अनुभवी खेळाडू अशा वेळी अटॅकचा आकडा बाजूला ठेवून पत्त्यांचा हिशेब मांडतात, म्हणजे एखाद्या देवघेवीनंतर कोणाकडे किती पत्ते उरले याची वजाबाकी करतात. प्रतिस्पर्ध्याच्या मॉन्स्टरने सांगनला मारले तर मालकाचा एक पत्ता गेला व एक आला, म्हणजे नुकसान शून्य. प्रतिस्पर्ध्याने त्याच्यावर एखादा ट्रॅप, म्हणजे सापळ्याचा पत्ता, खर्च केला तर त्याचाच एक पत्ता कमी झाला. ‘ट्रॅप होल’ हा जुना सापळा 1000 किंवा अधिक अटॅकच्या मॉन्स्टरलाच लागू पडतो, म्हणजे सांगन त्यात अगदी काठावर सापडतो. पण त्यात पडूनही फायदा त्याच्याच मालकाचा होतो. ट्रिब्यूटच्या बाबतीत हा हिशेब आणखी बोलका होतो. 2400 अटॅकचा ‘झाबोर्ग द थंडर मोनार्क’ उतरवण्यासाठी एका मॉन्स्टरचा बळी द्यावा लागतो व तो उतरताच मैदानावरचा एक मॉन्स्टर नष्ट करतो. जेमिनी एल्फचा बळी दिला तर एकाच्या बदल्यात एक असा सौदा होतो. सांगनचा बळी दिला तर गेलेल्या पत्त्याची भरपाई लगेच होते आणि मालक एका पत्त्याने पुढे राहतो. 1900 विरुद्ध 1000 ही तुलना येथे उपयोगाचीच राहत नाही.

या शोधाची दुसरी बाजू संभाव्यतेची आहे. चाळीस पत्त्यांच्या डेकमध्ये एखादा पत्ता एकच असेल, तर तो पहिल्या पाचांत येण्याची शक्यता 12.5 टक्के असते. त्या पत्त्यासोबत एक सांगन ठेवला, तर दोहोंपैकी किमान एक हाती असण्याची शक्यता सुमारे 24 टक्क्यांवर जाते. सांगनमार्गे येणारा पत्ता उशिरा येतो, हे खरे; पण त्या वेळच्या गरजेप्रमाणे तो निवडता येतो, ही सवलत त्या उशिराची किंमत बहुधा भरून काढते. अर्थात हा पत्ता सर्वत्र चालणारा नव्हे. ‘नोबलमन ऑफ क्रॉसआउट’सारखे स्पेल कार्ड पालथ्या ठेवलेल्या मॉन्स्टरला नष्ट करून खेळाबाहेरच काढते, मग सांगन ग्रेव्हयार्डमध्ये पोहोचत नाही, त्याचे वाक्य निष्फळ होते आणि उरतो तो खरोखरच दुबळा पत्ता. शिवाय शोधून आणण्याजोगे काही डेकमध्ये नसेल, तर सांगन बाळगण्यात अर्थ नाही, ही साधी गोष्ट केवळ नामवंतांचे डेक पाहून आपला डेक बांधणारे विसरतात.

दुबळ्या पत्त्यांच्या सामर्थ्याची सर्वांत कठोर साक्ष 2004 साली मिळाली. त्या वर्षी इंग्रजीत आलेला ‘केऑस एम्परर ड्रॅगन’ हा 1000 लाइफ पॉइंटच्या मोबदल्यात दोन्ही खेळाडूंच्या हातातले व मैदानावरचे सर्व पत्ते ग्रेव्हयार्डमध्ये धाडत असे. या सर्वनाशात मालकाचा सांगनही जाई, पण जाताना तो डेकमधून ‘याता-गारासु’ हा 200 अटॅकचा कावळा हातात आणून देई. रिकाम्या मैदानातून याताने थेट हल्ला केला की प्रतिस्पर्ध्याला पुढच्या पाळीत पत्ता उचलता येत नसे. हातात काही नाही, मैदानात काही नाही आणि नवे काही येण्याचा मार्गही बंद, अशा स्थितीत त्याला उरलेला डाव नुसता पाहत बसावे लागे. ज्या दोन आकड्यांना नवखा खेळाडू हसला असता, त्या 1000 आणि 200 यांनीच हा फास पूर्ण केला होता. ड्रॅगन आणि याता या दोघांवर त्याच वर्षी बंदी आली, आणि ती येणे रास्तच होते.

या सगळ्यातून एक विचार पुढे येतो, जो या खेळापुरता तरी निर्विवाद म्हणता येईल. अटॅकचा आकडा हा महागाईला बळी पडणारा असतो: 2008 पासून सिंक्रो, 2011 पासून एक्सीझ व 2017 पासून लिंक अशा नव्या प्रकारांचे मॉन्स्टर येत गेले, 2500 किंवा 3000 अटॅकचे पत्ते एकाच पाळीत उतरू लागले आणि जेमिनी एल्फचा 1900 हा एकेकाळचा दरारा स्मरणरंजनाचा विषय झाला. हातातला एक पत्ता मात्र आजही एक पत्ताच आहे, त्यामुळे ज्याचे मोल पत्त्यांत मोजले जाते त्याची झीज फार सावकाश होते. सांगनच्या बाबतीत तर उलटेच घडले. कमी अटॅकचे पण प्रभावी मॉन्स्टर जसजसे छापले गेले, तसतशी त्याच्या शोधाची कक्षा आपोआप रुंदावली. 0 अटॅकचा ‘इफेक्ट व्हेलर’, जो थेट हातातूनच प्रतिस्पर्ध्याच्या मॉन्स्टरचा प्रभाव त्या पाळीपुरता रद्द करतो, तोही त्याच कक्षेत येतो. पत्त्यावरचे एक अक्षरही न बदलता त्याची ताकद वाढत गेली.

परिणामी सांगनवरही काही काळ बंदी आली, आणि नंतर तो परतला तो सुधारित मजकुरासह: शोधून आणलेल्या नावाचा पत्ता किंवा त्याचा प्रभाव त्या पाळीत वापरायचा नाही आणि सांगनचा प्रभावही एका पाळीत एकदाच घ्यायचा. त्याचा अटॅक मात्र पूर्वीप्रमाणे 1000 आणि डिफेन्स 600 च ठेवण्यात आला.